देवाला सोडलेली मेंढरं

२ जून

आज पुन्हा सीमा घरी राहिली आणि मी संतराम अण्णांच्या शेतात हळदीचं बेणं लावायला गेले. दिवसभर वाकून वाकून कंबर धरली. निघताना मी सासूबाईंना सरळच विचारलं, धाकटीला का पाठवत नाही. त्या म्हणाल्या, देवाच्या मेंढरांना पाणी कोण दाखवील. एवढं ऐकलं की माझं बोलणं संपतं. या घरात देव सीमाच्या बाजूनं आहे आणि माझ्या बाजूनं कोणी नाही.

ऋतुजाच्या गेल्या वर्षीच्या वहीत पानं कोरी राहिलीत, त्यांत लिहिते आहे. बारावी होऊन बारा गावचं पाणी भरायचं नशिबी आलं, निदान मनातलं तरी कुठे ओतावं.

सीमा माझी धाकटी जाऊ, माझ्या दिराची, बजरंगची, बायको. आम्ही हटकर. मेंढरं राखायची, थोडी कोरडवाहू कसायची, असं पिढ्यान् पिढ्या चाललंय. आमच्यात लेकीला सासरी पाठवताना बाप आंदण म्हणून एक बारकी मेंढी देतो. तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळी त्या लेकीची, असं म्हणतात. म्हणतात फक्त. माझ्या मेंढीची चांगली पाच-सहा झाली होती, तेव्हा बजरंगचं लग्न निघालं आणि सासऱ्यांनी मला न विचारता ती सगळी जवळा बाजारला नेऊन विकली. त्या लग्नात मी माझ्याच मेंढरांची बुंदी माझ्याच हातानं पंक्तीत वाढली. खाणारे म्हणत होते, बुंदी झकास झाली.

आणि ज्या नवरीसाठी हे झालं, ती आपली मेंढी घेऊन आली. कपाळावर पांढरा टिळा, नाव चांदी. वर्षाच्या आत सासऱ्यांनी चांदीच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणजे विकायची हे ठरलं. तर ही बया डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, माझ्या आईनं लग्नाआधीच ही खंडोबाला सोडलीय. देवाला सोडलेलं जनावर कोणी विकत नाही. सासरे म्हणाले, कौल घेऊ. कौल म्हणजे जनावराला भंडारा लावायचा, अंगावर पाणी ओतायचं आणि वाट बघायची. त्यानं अंग झाडलं तर देवानं मानून घेतलं. तांब्या सीमाच्याच हातात होता. मी अगदी शेजारी उभी होते. धार आधी पाठीवर पडत होती, मग तिचा हात जरासा पुढे सरकला आणि पाणी चांदीच्या कानात गेलं. कानात पाणी गेलं की कुठलं मेंढरू अंग झाडणार नाही? सगळ्यांनी हात जोडले. मी पण जोडले. तेव्हापासून चांदी आणि तिची सगळी पिल्लावळ देवाची.

तेव्हा मी बोलले नाही. नवी नवरी, जमलेली भावकी, मी बोलले असते तर मीच खोटी पडले असते. शिवाय मनात म्हटलं, असू दे, कधी ना कधी कामाला येईल.

११ जून

मेंढरं कुरुंद्याला बसवायला गेली होती, काल परत आली. हळदवाले शेतकरी लागवडीआधी रानात कळप बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं, त्याबदल्यात धान्य देतात. घरच्या मेंढरांचं धान्य सासऱ्यांच्या कोठीत गेलं. देवाच्या मेंढरांचं वेगळं काढून सीमाच्या खोलीतल्या डब्यात गेलं, वर भंडाऱ्याची पुडी. त्या डब्याला हात लावायची सासऱ्यांची पण छाती होत नाही.

आज सीमानं त्या डब्यातली ज्वारी दुकानात घातली आणि शाळा उघडायच्या आधी ऋतुजासाठी बूट आणले. काळे, नाडीचे. पोरगी नाचत आली. मी म्हटलं, देवाचे बूट आहेत बाई, जपून घाल, चिखलात गेलीस तर पाप लागेल. सीमा खाली बसून पोरीच्या नाड्या बांधत राहिली. म्हणजे माझ्या पोरीला बूट घ्यायची माझी ऐपत नाही, हे गल्लीला दाखवायचं होतं तिला. दाखवलं.

१९ जून

चांदीच्या लेकीला पिल्लू झालं, काळंभोर. सीमानं ते ऋतुजाच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, ही तुझी, हिची पिल्लं पण तुझी, नाव काय ठेवतीस. पोरीनं काजळी ठेवलं. आता शाळेतून आली की दप्तर फेकते आणि चारा आणायला पळते. म्हणजे सीमाला फुकटात राखणारीण मिळाली. दहा वर्षांच्या लेकराला कसं गुंडाळायचं ते हिला बरोबर जमतं.

नंतर चुलीपाशी मला हळूच म्हणाली, अक्का, तुमच्या भावाकून एखादी मेंढी मागून घ्या, अन् देवाला सोडा. सोडायची कशी ते मी सांगते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी सगळी मेंढरं हिच्या लग्नात गेली आणि आता ही मला शिकवणार. मी म्हटलं, माझा देव वेगळा आहे, तो असल्या युक्त्या शिकवत नाही. तिचं तोंड जरासं उतरलं. बरं वाटलं.

३ जुलै

आज मी एक गोष्ट बोलून आले. चांगलं केलं की वाईट, अजून ठरत नाही.

अण्णांच्या शेतात खुरपण होतं. संतराम अण्णा म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे हळदवाले, आणि चैत्रापासून खंडोबा मंदिर कमिटीचे अध्यक्ष. खंडोबाचं ठाणं गावाबाहेर माळावर आहे, एक दगडी ओटा आणि वर लिंबाचं झाड. आमच्या लोकांशिवाय तिकडे कोणी फिरकत नव्हतं. अण्णांचे वडील तर त्याला मेंढक्यांचा देव म्हणायचे आणि जत्रेतलं ताट घरात घ्यायचे नाहीत. मग माळाजवळून मोठा रस्ता गेला आणि देव एकदम सगळ्या गावाचा झाला. आता सभामंडप होणार, शिखर होणार. दगडं वेचायला, वाळू चाळायला बायांनी यायचं, मजुरी नाही, सेवा आहे. आम्ही जातो. देवाचं काम म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं. अण्णांचा ट्रॅक्टर पण येतो, त्याचं भाडं मात्र कमिटी देते, कारण ट्रॅक्टरला डिझेल लागतं.

तर अण्णा बांधावर उभे राहून सांगत होते, मंदिराचं काम अडलंय, देणगी जमत नाही. माझ्या डोक्यात ऊन तापत होतं, शेजारची ओळ रिकामी होती, सीमाची. मी बोलून गेले.

"अण्णा, देवाची मेंढरं आमच्या घरी हायेत की. एका मेंढीचा अक्खा खांड झालाय. देवाचं ते देवाला द्यायला नको का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांच्या शेतात राबते, पण माझ्याकडे नीट असं त्यांनी आजच पाहिलं. म्हणाले, सुकन्या ना तू, लिंबाजीची थोरली सून. त्यांना माझं नाव माहीत होतं.

९ जुलै

अण्णा घरी आले. बरोबर कमिटीचे दोघे-तिघे. आमच्या अंगणात खुर्ची एकच, ती अण्णांना दिली. सासरे घोंगडीवर बसले. सीमा मेंढरांजवळ उभी होती, मी दाराआड.

अण्णा गोड बोलतात. लिंबाजी, तुमच्या घराचं पुण्य मोठं, असं सुरू केलं. देवाचा खांड देवाच्या कामी आला तर शिखरावर तुमच्या घराचं नाव राहील, आणि कमिटीत तुमच्या समाजाचा माणूस हवाच आहे, तो तुम्ही व्हा. सासऱ्यांची मान ताठ झाली. जन्मभर ज्यांच्या ओट्यावर बसायला मिळालं नाही, ते घरी येऊन मागत होते.

सासऱ्यांनी सीमाला विचारलं नाही, पण ती बोलली. चार माणसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"देवानं माझ्यापाशी सांभाळायला ठुलीत. आजपतोर देव काही मागाया आला न्हाई."

अण्णा हसले. "देव कसा येईल, बाई. म्हणून तर कमिटी केली."

पुढे बरंच झालं. सीमा हटेना, अण्णांना भांडण नको होतं. शेवटी ठरलं की पुन्हा कौल घ्यायचा. रविवारी, ठाण्यावर, गावासमोर. चांदीनं अंग झाडलं तर देवाला मंदिर हवंय, नाही झाडलं तर मेंढरं जिथे आहेत तिथे. सीमा पाणी ओतायला पुढे झाली तर अण्णा म्हणाले, तिचाच विषय आहे, तिनं नको. घरची थोरली सून आहे ना, तिनं ओतावं.

सगळे दाराकडे वळले. मी पदर सावरला.

१२ जुलै

उद्याची तयारी. सासूबाईंनी स्वतःच्या पेटीतलं हिरवं लुगडं काढून दिलं. आजपर्यंत ते मला कधी मिळालं नव्हतं, सीमाला मात्र तिच्या पहिल्या संक्रांतीला नेसवलं होतं. मी घडी मोडून पाहिली. काठाला थोडं विरलंय, पण ओचा घातला की दिसत नाही.

माझा नवरा शिवहार मुखदुर्बळ माणूस, मेंढरांशी जास्त बोलतो. जेवताना एकदम म्हणाला, उद्या धार पाठीवर धर, मेंढराची लोकर भिजायला लई वेळ लागतो, घाई करू नको. मी म्हटलं, मला काय पाणी ओतता येत नाही का. तो म्हणाला, येतं, म्हणून तर सांगून राहिलो. काय बोलतो त्याचं त्यालाच ठाऊक.

मी काय करणार आहे हे मी ठरवलेलं नाही. खरंच नाही. पाठीवर ओतेन, देवाच्या मनात असेल ते होईल.

१३ जुलै

झालं.

सकाळी वेणी घालत होते तेव्हा सीमा आली. दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अक्का, अडचण आलीय म्हणून सांगा. कुणी काही विचारत न्हाई. तांब्या धरावाच लागणार न्हाई." बाईची अडचण म्हटल्यावर पुरुष पुढे बोलत नाहीत, हे खरं. पण मी तिचा डाव ओळखला. मी हिरवं लुगडं नेसून गावासमोर उभी राहणार, एवढंसुद्धा हिला सोसवत नव्हतं. मी म्हटलं, मला काही अडचण नाही, तू तुझं बघ.

माळावर अख्खा गाव. अण्णा ओट्यावर, सासरे त्यांच्या शेजारी. बाया लिंबाच्या पलीकडे. शिवहारनं चांदीला धरून आणलं, तिला भंडारा लावला. मी तांब्या घेतला. खरं सांगते, मी धार पाठीवरच धरली. लोकरीत पाणी मुरत राहिलं. चांदी रवंथ करत उभी. मी पुन्हा तांब्या भरून घेतला. पुन्हा पाठीवर. अण्णांच्या कपाळाला आठी पडली, लोक कुजबुजायला लागले. शिवहारनं माझ्याकडे बघून मान हलवली, बास, अशी.

तेवढ्यात माझी नजर बायांकडे गेली. सीमा डोळे मिटून उभी होती आणि सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. उगाच, सहज ठेवतात तसा. माझी मेंढरं जवळा बाजारला गेली त्या दिवशी मी गोठ्यात बसून रडत होते. तेव्हा सासूबाई दारातून म्हणाल्या होत्या, पुऱ्यांचं पीठ मळायचंय. माझ्या पाठीवर हात कुणी ठेवला नव्हता.

माझा हात पुढे सरकला.

चांदीनं असं अंग झाडलं की माझ्या तोंडावर पाणी उडालं. येळकोट झाला, भंडारा उधळला, सासऱ्यांनी अण्णांच्या पायाला हात लावला आणि अण्णांनी त्यांना उठवून मिठी मारली. सगळा माळ पिवळा झाला. लुगड्यावरचे डाग निघत नाहीत, दोनदा धुतलं.

१४ जुलै

सकाळीच कमिटीची माणसं आली आणि चांदीसकट सगळा खांड घेऊन गेली. काजळीलाही नेलं. ऋतुजा तिच्या गळ्याला मिठी मारून बसली होती, हात सोडवावे लागले.

मी स्वतः अण्णांकडे गेले. वाटलं, माझं ऐकतील, हे सगळं माझ्यामुळे तर झालं. मी म्हटलं, ते एक काळं पिल्लू माझ्या लेकीचं आहे, सीमानं दिलंय. अण्णा दात कोरत होते. म्हणाले, चांदीच्या पोटचं सगळं देवाचं, त्यातलं द्यायचा हक्क तिला कुणी दिला. मग म्हणाले, तूच तर म्हणालीस, देवाचं ते देवाला. मला दारात थांबवूनच बोलले. आज नाव घेतलं नाही.

ऋतुजा माझ्याशी बोलत नाही. सीमाच्या खोलीत जाऊन झोपली. झोपू दे.

२८ जुलै

मेंढरांचा लिलाव ठाण्यावरच झाला. अण्णांनी बोली लावली. अध्यक्षांच्या वर कोण बोलणार, दुसरा आवाज निघाला नाही. मिळालेले पैसे मंदिराला गेले आणि मेंढरं अण्णांच्या वाडग्यात, काट्यांच्या कुंपणात. आता ती त्यांच्याच हळदीच्या रानाला खत देणार. राखायला शिवहारला ठेवलंय, मजुरीवर. आपलीच मेंढरं, दुसऱ्याची म्हणून राखतो. घरी येऊन कितीतरी वेळ हात धुतो.

आणि सीमा आजपासून खुरपायला येते. राखायला देवाची मेंढरं नाहीत तर घरी बसायला कारणही नाही. शेवटी आली माझ्या शेजारच्या ओळीत. सकाळी मी मनातल्या मनात नाचत होते. दहा वाजेपर्यंत तिच्या तळहाताला फोड आले, मला बरं वाटलं. दुपारपर्यंत ती माझ्या पुढे गेली. हिला खुरपणंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं यावं, याला काय म्हणायचं.

भाकरी खायला बांधावर बसलो तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, माझ्यावर राग काढायचा तर काढ एकदा, मनात ठेवू नको. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही.

"अक्का, त्या येळी मी चांदीच्या कानात पाणी घातलं ते तुमी बघितलं व्हतं. मला ठाव हाय. तुमी बघून बी कुणाला बोलल्या न्हाई." तिनं तुकडा फडक्यात ठेवला. "मला वाटलं, एवढ्या घरात एक माणूस आपलं हाय. म्हणून तर काजळी पोरीला दिली. पुढची बी तिलाच देणार व्हते."

मी पाणी प्यायले. मग खुरपं घेऊन ओळीत गेले, ती पण आली. संध्याकाळपर्यंत दोघी एका वेगानं खुरपत होतो, म्हणजे तीच सावकाश करत असावी.

मी तेव्हा का गप्प बसले होते ते मी तिला सांगितलं नाही.

२४ ऑगस्ट

मंदिराचा पाया भरला. मोठा कार्यक्रम, मांडव, माईक. सासऱ्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला, देवासाठी खांड अर्पण केला म्हणून. माईकवर नाव लिंबाजींचं, टाळ्या लिंबाजींना. सीमाचं नाव कोणी घेतलं नाही, माझंही नाही. आम्ही सगळ्या दोरीच्या मागे. जुन्या ओट्यावर आम्ही जाऊन भंडारा वाहायचो, आता पायरीच्या आत बायांनी यायचं नाही असं कमिटीनं ठरवलंय, मोठ्या देवळांत तशी रीत असते म्हणे. ज्या विटांवरून आत जायचं नाही त्या विटा आम्हीच वाहिल्या होत्या.

मला सासऱ्यांच्या शालीचा हेवा वाटला. सीमाचा वाटला नाही. हे मला नवीनच आहे.

५ ऑक्टोबर

पावसानं सोयाबीन पाण्यात कुजलं. बजरंगनं ऊसतोडीच्या मुकादमाला शब्द दिला. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या गड्याला कोणी घेत नाही. म्हणजे सीमाला जावं लागणार, थेट उन्हाळ्यापर्यंत, उघड्यावर पालात. मागची तीन वर्षं पण बजरंग हाच हट्ट करायचा. तेव्हा सीमा म्हणायची, देवाची मेंढरं कुणाच्या जिवावर टाकू, आणि बजरंगचं तोंड बंद व्हायचं. मला वाटायचं, कामचुकार आहे, सावलीत बसायला हवं. ती कशापासून वाचत होती ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

सासूबाईंना मी म्हटलं, तिला जाऊ देऊ नका, दुसरा महिना लागलाय. त्या म्हणाल्या, तुला कुणी सांगितलं. कुणी सांगितलं नाही, ओळीत शेजारी असते ना, रोज सकाळी बांधावर जाऊन ओकते. मला वाटलं होतं, निदान मला तरी सांगेल. का सांगावं तिनं.

सासूबाई म्हणाल्या, पोटुशी बाया काय ऊस तोडत नाहीत काय.

२३ ऑक्टोबर

आज भाऊबीज. माझा भाऊ मोटारसायकलवर आला, पुढे पोत्यात मेंढीचं पिल्लू, मुंडी तेवढी बाहेर. ऋतुजासाठी आणलं. मामाकडून आंदण, लग्नाच्या आधीच देतो म्हणाला, कारण ती फोनवर रडत होती. पोरगी किती दिवसांनी हसली.

आम्ही ओवाळून उठलो तर अंगणात सासरे पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत होते. म्हणाले, बरी हाय, होळीपतोर भरंल.

मी सरळ आत जाऊन तांब्या भरला, भंडारा घेतला. आत्ताच्या आत्ता देवाला सोडते, म्हटलं, कौल घेते, बघू कोण विकतं. शिवहार दारातच होता. त्यानं मला अडवलं नाही. एवढंच म्हणाला, "अन् मग? देवाची झाली म्हंजे कमिटीची झाली."

मी तांब्या खाली ठेवला. घरची म्हटली तर सासऱ्यांची. देवाची म्हटली तर अण्णांची. माझी म्हणण्यात अर्थ नाही, ते मी करून बसले आहे. माझ्या लेकीची म्हणून तिला कुठे ठेवायची ते मला समजेना. आधी एक जागा होती, तिच्यावर कुणाचं नाव नव्हतं, आणि मला वाटायचं ती जागा सीमाची आहे.

सीमा तिच्या खोलीत बोचकी बांधत होती, उद्या सकाळी निघायचंय. मी उंबऱ्याशी गेले. इतक्या वर्षांत मी तिला कधी काही विचारलं नव्हतं, नेहमी सुनावलंच. मी म्हटलं, सीमा, पोरीच्या मेंढीला कुठे ठेवू.

ती बोचक्याची गाठ मारता मारता थांबली. राग असता तर मला कळला असता. ती खरंच विचार करत होती. सगळं घर, सगळं गाव डोळ्यांपुढे आणून बघत असावी.

"आता जागा न्हाई, अक्का," ती म्हणाली. "एकच व्हती." आणि तिनं गाठ आवळली.

२४ ऑक्टोबर

ट्रॅक्टर पहाटे येणार होता, उजाडल्यावर आला. सीमा ट्रॉलीत भांड्यांवर बसली, मांडीवर कोयता गुंडाळलेला. मी तिला मेथीचे लाडू दिले, तिनं घेतले. ऋतुजा ट्रॉलीमागे वेशीपर्यंत पळाली. माझ्यामागे ती अशी कधी पळाली नाही, हे मनात आलंच. आलं तर आलं.

भावाला म्हटलं, मेंढी परत घेऊन जा, तुझ्याकडे राहू दे. तो म्हणाला, दिलेलं आंदण कोणी परत नेतं का, लोक काय म्हणतील. तो गेला. मेंढी अंगणात बांधली आहे, चारा खाते आहे.

ऋतुजानं तिला अजून नाव ठेवलेलं नाही. ठेवू नको म्हणून मीच सांगितलं.